काट्याची सहा घरं

आठ वर्षं झाली, आमचे दाजी माझ्या घरच्या पाण्याला शिवले नाहीत. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊबीजेला येते, ओवाळते आणि दिवस मावळायच्या आत परत जाते. दाजीच तिला मोटरसायकलवर आणतात, पण शिक्रापूरच्या चौकात उतरवतात आणि तिथूनच गाडी वळवतात. चौकापासून माझं घर चालत दहा मिनिटं. एवढं अंतर त्या माणसानं आठ वर्षांत एकदाही ओलांडलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते ओलांडावं असं मलाही कधी वाटलं नाही. चूक त्यांची होती. ह्या दसऱ्यापर्यंत तरी माझी तशी खात्री होती.

भांडण जमिनीचं नव्हतं, मानपानाचंही नव्हतं. भांडण होतं काट्याच्या सहा घरांचं.

डायल नावाचं एक मोजायचं हत्यार असतं. दिसायला खिशातल्या घड्याळासारखं, फक्त खाली एक बारीक पाय. हा पाय कशावर तरी टेकून किंचित वर सरकला की काटा फिरतो. काट्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. सहा घरं म्हणजे साधारण डोक्यावरच्या एका केसाची जाडी. तेवढ्यावरून आमची सोयरीक तुटली.

मी तेव्हा रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. पोलिसातला नव्हे, मालाचा. तयार झालेला नग मोजायचा, बरोबर असला तर सही, नसला तर लाल शिक्का. दाजी त्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्याच विभागात, मशीन चालवायचे. होते ठेकेदाराच्या हजेरीवर, पण हात असा की जुनी पर्मनंट माणसंसुद्धा त्यांना विचारून टूल लावायची. मीच त्यांना तिथं चिकटवलं होतं. कारेगावात खोली घेऊन ते आणि आक्का राहत होते. दिवाळीनंतर त्यांना पर्मनंट करायचं जवळजवळ ठरलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवा लॉट सुरू झाला. लोखंडी चकत्या होत्या, जाडी अचूक हवी होती. दाजींनी पहिला नग पुसून माझ्या टेबलावर ठेवला. मी तो डायलच्या पायाखाली सरकवला. काटा शून्यावर थांबायच्या ऐवजी सहा घरं पुढं गेला.

‘दाजी, सहा घरं जाड आहे. सहा काढा,’ मी म्हणालो.

‘माझ्या मायक्रोमीटरला तर बराबर येतंय,’ ते म्हणाले. ‘येकडाव दुसरा डायल लावून बघता का, पाव्हणं?’

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मोजमापाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नव्हतो, आणि चारचौघांत तर नाहीच. त्यात स्वतःच्या दाजींनी मला, इन्स्पेक्टरला, दुसरा डायल लाव म्हणावं? उचलली जीभ लावली टाळ्याला. अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असं मी म्हणालो, ‘डायल खोटं बोलत नाही, दाजी. माणूस बोलतो.’

दोघं-तिघं हसले. दाजींनी नग उचलला, मशीनवर सहा घरांचा फरक टाकला आणि लॉट काढला. मी मधूनमधून नग तपासत होतो, काटा बरोबर शून्यावर येत होता. मी खूश. पुढच्या आठवड्यात माझा डायल दरवर्षीप्रमाणे तपासणीसाठी बाहेर गेला आणि त्याच्या मागोमाग, ज्यांना माल पाठवला होता त्यांच्याकडून अख्खा लॉट परत आला. सगळे नग पातळ. किती पातळ? सहा घरं.

माझ्या दृष्टीनं गणित सोपं होतं. सहा घरं जाड होतं, सहा काढायला सांगितलं, आणि निघालं सहा घरं पातळ. म्हणजे बारा काढले. मी तपासत होतो तोवर काटा शून्य दाखवत होता, म्हणजे माझी पाठ फिरल्यावर ह्यांनी काहीतरी उद्योग केला. दाजी म्हणत राहिले, ‘सहाच काढलं. आईशप्पत सहाच.’ मी रिपोर्टमध्ये बारा लिहिलं. ऑपरेटरनं तपासणीनंतर परस्पर फरक टाकला, असं स्वच्छ अक्षरात लिहून खाली सही ठोकली. नात्याकडं बघितलं नाही, ह्याचा मला वर अभिमान वाटला.

त्याच दुपारी त्यांचा गेटपास काढून घेतला. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. पाठीमागं उद्योग करणारा ऑपरेटर म्हणून त्यांचं नाव ठेकेदारांमध्ये असं फिरलं की सणसवाडी, कोरेगाव भीमा, कुठंच कुणी उभं करीना. तीन महिन्यांनी त्यांनी कारेगावची खोली सोडली आणि दौंड तालुक्यात आपल्या गावी गेले. टेम्पोत सामान भरताना मी गेलो होतो. एरवी ते मला पाव्हणं म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, ‘येतो, साहेब.’

त्यानंतर आठ वर्षं बोलणं नाही.

गेल्या वर्षी आमचं सेक्शनच बंद झालं. निरोपाला शाल दिली, नारळ दिला आणि लाकडी डबीत घालून माझा तोच जुना डायल दिला. डिजिटल आले होते, त्याला कुणी विचारत नव्हतं. मला मात्र गहिवरून आलं. मिळालेल्या पैशातून मी एक जुनं सीएनसी राउटर घेतलं आणि शिक्रापुरात हायवेच्या आतल्या अंगाला, घराला लागूनच, गाळा टाकला. राउटर म्हणजे लाकूड कोरायचं, संगणकावर चालणारं मशीन. भलं मोठं टेबल आणि त्यावर चारी बाजूंना फिरणारा स्पिंडल. स्पिंडलला कटर लावायचा, चित्र द्यायचं, मशीन कोरत बसतं. देवघरांची दारं, जाळ्या, बंगल्यांच्या पाट्या, अशी कामं मिळू लागली.

पण काम सपाट येईना. कटर एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला की मध्ये बारीक पायरी राहायची. बायकोनं एका दारावर हात फिरवला आणि म्हणाली, ‘ह्या सरींमध्ये कांदं लावायचं का?’ ती खरं बोलत होती. स्पिंडल टेबलावर सरळ उभा नव्हता, कलला होता. त्यामुळं कटरची एक कड जास्त खोल जात होती. स्पिंडल टेबलाशी चारी बाजूंनी काटकोनात आणायचा, ह्याला आमच्या धंद्यात ट्रॅम करणं म्हणतात. आणि ट्रॅम डोळ्यानं होत नाही, त्याला डायल लागतो.

कुठला डायल, हा पहिला प्रश्न. शेजारच्या गॅरेजवाल्याकडं पपी डायल होता. छोटा असतो, त्याचा पाय सरळ वर न जाता आडवा हलतो. अडचणीच्या जागी छान चालतो, पण त्याला धाव कमी. माझा स्पिंडल इतका वाकडा होता की पाव फेऱ्यातच त्याची धाव संपली. मग एक डिजिटल मागवला. त्याचे आकडे दारुड्यासारखे, एका जागी उभेच राहीनात. शेवटी मी लाकडी डबी उघडली. माझा जुना डायल. पाय दहा मिलिमीटर सरकतो, काटा ठळक, आणि पंचवीस वर्षांची ओळख. मनातल्या मनात म्हटलं, अखेर घरचाच माणूस कामाला आला.

दुसरा प्रश्न, तो लावायचा कसा. सवयीनं मी लोहचुंबकाचा स्टँड काढला आणि स्पिंडलच्या पाटाला चिकटवला. स्टँड धपकन खाली. पाट अल्युमिनियमचा! टेबलावर ठेवला, तर टेबलावर लाकडी बोर्ड. चुंबक लाकडाला चिकटत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं, पण मी आयुष्यभर लोखंडात काढलेलं, हात आपोआप चालला. कुणी बघितलं नाही ना म्हणून मी मागं वळून पाहिलं. बायको दारातच उभी होती.

मग पट्टी केली. एका टोकाला गोल पिन, ती कटरच्या जागी स्पिंडलमध्ये घट्ट बसवायची. दुसऱ्या टोकाला भोक पाडून डायल स्क्रूनं आवळायचा. पहिली पट्टी अल्युमिनियमची केली, ती डायलच्या वजनानं लवली. लवणारी पट्टी म्हणजे फुकटचा गोंधळ, म्हणून जाड लोखंडी पट्टी घेतली. लाकडी बोर्डाचा पृष्ठभाग खडबडीत, त्यावर डायलचा पाय अडखळला असता. काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आणून टेबलावर ठेवला. मशीनची वायर भिंतीतून काढून टाकली, कारण इथं स्पिंडल हातानंच फिरवायचा असतो. डायलचा पाय काचेवर टेकवून काट्याचा एक फेरा होईल इतका दाबला, तबकडी फिरवून शून्य जुळवलं आणि श्वास रोखून पट्टी फिरवायला घेतली. हा दसऱ्यानंतरचा दिवस. सकाळची साडेदहाची वेळ.

पुढं शून्य. उजवीकडं चौदा. मागं बावीस. डावीकडं नऊ. ठीक आहे, वाकडं आहे म्हणूनच मोजतोय. पण नियम असा की पूर्ण फेरा मारून जिथून निघालो तिथं परत आलो, की काटाही परत शून्यावर आला पाहिजे. जागा तीच, काच तीच, मग आकडा वेगळा कसा येईल?

माझा काटा शून्यावर आला नाही. सहा घरं मागं थांबला.

मी पट्टी आवळली. पुन्हा फिरवली. डायलचा स्क्रू आवळला. स्पिंडल धरून हलवला, बेअरिंग तर ढिलं नाही? काच डगमगते का बघितलं. खाली कागद सारले. ज्यानं मशीन विकलं त्याला शिव्या घातल्या, काचवाल्याला घातल्या. बायको भाजी निवडत बसली होती, ती म्हणाली, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ मी म्हणालो, ‘अंगण वाकडंच आहे, त्यासाठीच हा खटाटोप चाललाय.’ सगळ्यांवर संशय घेतला. डायलवर घेतला नाही. डायल खोटं बोलत नाही.

मग काच सरकवायला खाली वाकलो आणि उजेड तिरपा पडला, तेव्हा ते दिसलं. काचेवर एक लाल रेघ होती. अंगठ्याच्या नखानं ओढावी तशी पुसट, पण गोल. डायलचा पाय जिथून जिथून फिरला, तिथून तिथून ती फिरली होती. सुरुवातीला ठळक, पुढं फिकी होत गेलेली.

मला वाटलं रक्त आहे. मी माझी बोटं बघितली. मग डायल उलटा केला. पायाच्या टोकावर लाल वाळलेला थर होता, मधोमध झडलेला.

‘तू डायलला कुंकू कुठं लावलंस?’ मी बायकोला विचारलं.

खंडेनवमीला आम्ही मशीनची, हत्यारांची पूजा केली होती. एकही हत्यार सोडू नको, असं मीच तिला बजावलं होतं.

‘खाली, टोकाला,’ ती म्हणाली. ‘वरच्या काचेवर लावलं असतं तर तुम्ही वरडला असता, आकडं झाकलं म्हणून.’

ओलं कुंकू, तेलकट टोक, दोन दिवसांत वाळून कडक झालेला थर. फेरा मारताना तो झडला आणि काटा मागं आला. मी टोक रॉकेलच्या फडक्यानं पुसलं, पुन्हा शून्य लावलं, पुन्हा फेरा मारला. काटा शून्यावर. आणखी एकदा. शून्यावर. म्हणजे कुंकवाची जाडी सहा घरं होती.

सहा.

मी स्टुलावर बसलो. सहा घरं आणि दसरा, हे दोन शब्द डोक्यात एकमेकांवर आदळले. कारखान्यातही खंडेनवमीला पूजा व्हायची. घरच्या बायकापोरांना त्या एका दिवशी आत सोडायचे, अख्खं शॉप झेंडूनं भरून जायचं. माझ्या टेबलावर कुणी पूजा केली होती ते आठवेना. पण कुंकू लावलेलं असणारच. आणि सुट्टी संपल्यावर सकाळी मी डायल स्टँडवर जसा लावलेला होता तसाच वापरला होता. पाय पुसला नव्हता, शून्य पुन्हा जुळवलं नव्हतं, ते पूजेच्या आधीचंच होतं. सुट्टीनंतर शून्य पुन्हा जुळवावं, हा नियम त्या टेबलाच्या वर भिंतीवर लावलेला होता. तो लिहिला होता मीच.

तरी मन मानेना. आपलं चुकलं हे मानायला माणूस किती वेळ घेतो! मी स्वतःला म्हणालो, हा योगायोग. पुरावा काय? मग मी डबी उचलली. डबीत डायलखाली स्पंजची गादी होती. ती उचकटली. खाली तपासणीची जुनी कार्डं घडी घालून ठेवलेली, दरवर्षीचं एक. प्रत्येकावर मिळाल्याची माझी सही. त्या वर्षीचं कार्ड शोधलं. पुढच्या बाजूला ‘ठीक’ असा शिक्का. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत एक ओळ, तिचा अर्थ असा: डायल आला तेव्हा पायाच्या टोकावर लाल रंगाचा कडक थर होता, तो काढून मग तपासला.

आठ वर्षं ही ओळ माझ्याजवळ होती. मी कार्ड कधी उलटलंच नव्हतं. शिक्का बघितला, सही केली, घडी घातली. दुसऱ्यांच्या नगाला भिंग लावून बघणारा मी!

चकत्या बरोबर होत्या. दाजींचं मायक्रोमीटर बरोबर होतं. मी कुंकवाची जाडी मोजली आणि चांगल्या मालातून सहा घरं काढायला लावली. त्यांनी सहाच काढली. आईशप्पत सहाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरानंच रिपोर्ट लिहिला होता. बायको पाणी घेऊन आली, म्हणाली, ‘काय झालं, अहो? बीपी वाढलं का?’ मला तिला सांगता येईना. मी मोटरसायकलची किल्ली घेतली, कार्ड खिशात घातलं आणि निघालो.

न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. त्या सबंध रस्त्यानं मी काय बोलायचं ते जुळवत होतो आणि एकही वाक्य धड जुळत नव्हतं. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागं गाडी हळू करावी लागली की बरंच वाटायचं.

दाजी आता एका गुऱ्हाळावर गुळव्या आहेत, म्हणजे रस आटून गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस. मी पोचलो तेव्हा ते कढईपाशी उभे होते. झाऱ्यावरचा थेंब त्यांनी पाण्याच्या वाटीत टाकला, बोटांत फिरवला आणि मान हलवून सांगितलं, ‘अजून न्हाई.’ दोन माणसं लगेच थांबली. इथं ह्या माणसाच्या बोटांवर सगळ्यांचा भरवसा होता. आक्का पलीकडच्या शेडमध्ये माणसांसाठी चहा ठेवत होती. मला बघून तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

दाजींनी माझ्याकडं बघितलं. ‘काय, साहेब?’

मी त्यांना उसाच्या मोळ्यांमागं बाजूला नेलं आणि कार्ड पुढं केलं. इंग्रजी ओळ वाचून दाखवली, अर्थ सांगितला. काचेवरच्या रेघेचं सांगितलं. ‘दाजी, तुम्ही सहाच काढली होती. माझं चुकलं. मी तुमची रोजी घालवली. मी उद्याच सगळ्यांना सांगतो, ठेकेदाराला, आपल्या सगळ्या पाहुण्यांना, जिथं जिथं तुमचं नाव खराब झालं तिथं जाऊन सांगतो.’

त्यांनी कार्ड उलटसुलट बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर बरं वाटलं असतं.

‘कुणाला सांगायचं न्हाई,’ ते म्हणाले.

‘का पण?’

‘मला ठावं हाय ह्ये. आठ वर्सं झाली.’

शब्द कानावर पडत होते, आत जात नव्हते.

‘त्या खंडेनवमीला तुमच्या टेबलापाशी ताट घिऊन कोन आलं व्हतं, आठवतंय का?’ त्यांनी विचारलं, आणि मान जराशी शेडकडं वळवली.

आणि मला आठवलं. सगळं एकदम आठवलं. नवी हिरवी साडी, डोक्यावरचा पदर, हातात पितळी ताट. ‘ह्ये माझ्या भावाचं टेबल,’ असं शेजारच्या बायकांना सांगणारी आक्का. माझी प्रत्येक वस्तू हळद-कुंकवानं रंगवून मगच ती पुढं गेली होती. मी लाजून हसलो होतो.

‘दिवाळीत कारेगावच्या खोलीवर बसून ही सांगाय लागली,’ दाजी हळू आवाजात म्हणाले. ‘भाऊच्या घड्याळाला म्या कुंकू लावलं, काचंवर लावलं तर त्याचं आकडं झाकतील म्हून खालच्या पायाला लावलं. लई हौसंनं सांगत व्हती. मी घास तोंडात घितलेला, तसाच ऱ्हायला. तवाच समदं कळलं.’

‘मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?’

‘तुमाला सांगितलं असतं तर तुमी आत्ता निघालाय तसंच गावभर बोंबलत निघाला असता. आन् हिच्या कानावं गेलं असतं. आपल्याच हातानं आपल्या मानसाची रोजी गेली, ह्ये डोक्यात घिऊन ती जगली असती व्हय? गेलेली नोकरी काय माघारी येनार न्हवती. म्हून म्हनलं, ऱ्हाऊ द्या. लोकं मला खोटं म्हनत्यात, म्हनू द्या. मला ठावं हाय ना.’

‘आणि माझ्याशी आठ वर्षं बोलला नाहीत ते?’

‘त्यो राग खराच व्हता की,’ ते म्हणाले. ‘म्या सहा म्हनलं, तुमी बारा लिव्हलं. दुसरा डायल लावा म्हनलं, त्यो लावला न्हाई. त्यात कुकवाचा काय संबंध?’

मी आयुष्यभर माणसांना मोजत आलो, आणि माझ्याच घरातल्या ह्या माणसानं आठ वर्षं एक शब्द पोटात ठेवला, तो मला दिसला नाही. मी तिथं उसाच्या मोळीवर बसून रडलो. दाजी उभेच होते. मग त्यांनी कार्डाची बारीक घडी केली, चालत कढईखालच्या चुलवणापाशी गेले आणि जळत्या चिपाडात ते टाकलं. माझा एकुलता एक पुरावा होता तो. मी अडवलं नाही.

आक्का चहा आणि वाटीत गरम काकवी घेऊन आली. दोघांची तोंडं बघून घाबरली. ‘काय झालं? काय बोलत व्हता रं?’

‘काय न्हाई,’ दाजी म्हणाले. ‘तुझ्या भावानं मशीन घितलंय, आन् त्याला त्ये सरळ लावाय येत न्हाई. उद्याच्याला जाऊन बघतो म्हनलं.’

‘कुठं? शिक्रापूरला? ह्याच्या घरी?’

‘मग काय चौकात लावायचं मशीन?’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘च्या घ्या, पाव्हणं. निवतोय.’

आक्कानं वाटी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. आठ वर्षं ती त्या चौकातून एकटी चालत आली होती. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि लगेच तिची लगबग सुरू झाली. काय काय न्यायचं, किती वाजता निघायचं, गूळ किती बांधायचा.

‘आन् ताट बी घिऊन येते मी,’ ती म्हणाली. ‘भाऊच्या नव्या मशीनला माझ्या हातचं कुंकू लावायचं ऱ्हायलंय बघ. तुझं त्ये घड्याळ हाय ना रं अजून? त्याला बी लावते.’

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं.

‘आण की,’ दाजी म्हणाले.

‘आण आक्का,’ मी म्हणालो. ‘सगळ्याला लाव.’